१८२४ सालचं संगीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्याल, ठुमरी आणि नाट्यपदं ऐकत वाढलेल्या माणसाला पाश्चात्त्य अभिजात संगीताची ओढ लागली, की 'बेथोव्हेनची नववी' हे नाव लवकरच कानावर येतं. ही म्हणजे जर्मन संगीतकार बेथोव्हेनची नववी सिंफनी, पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना. ती पहिल्यांदा वाजली ७ मे १८२४ रोजी, व्हिएन्नात. त्या एका संध्याकाळीबद्दल इतकं लिहिलं गेलंय, की वर्षाचे बाकीचे दिवस कोरेच राहून गेलेत. नववी ज्या शहरात जन्मली, तिथले लोक मात्र तेव्हा रस्त्याने चालताना भलत्याच चाली गुणगुणत होते. मित्रमंडळींनी गेल्या काही वर्षांत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

१८२४च का? १८०८ किंवा १८२७ का नाही?

कुठलंही साल निवडता येईल. पण १८२४मध्ये बेथोव्हेन, शूबर्ट, रोसिनी, वेबर, बारा वर्षांचा लिस्ट, पंधरा वर्षांचा मेंडेल्सोन आणि डॉक्टरकी सोडायला निघालेला बर्लिओझ हे सगळे संगीतकार एकाच वेळी कामात होते, आणि बरेचसे पैशांच्या विवंचनेत. शिवाय 'अभिजात' आणि 'लोकप्रिय' असे दोन वेगळे कप्पे तेव्हा अजून पुरते पडले नव्हते. ते का म्हणतो, हे पुढे २३ मेच्या कार्यक्रमाच्या हकिगतीत कळेल.

७ मेच्या संध्याकाळी नेमकं काय वाजलं?

फक्त नववी वाजली, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात कार्यक्रम लांबलचक होता. सुरुवातीला 'वास्तुप्रवेश' या अर्थाच्या नावाचं एक ओव्हर्चर, म्हणजे नांदीसारखी वाद्यरचना, झालं. मग 'मिस्सा सोलेम्निस' या प्रचंड धार्मिक रचनेतले तीन भाग, म्हणजे किरिए, क्रेडो आणि आग्नुस देई. या सगळ्यानंतर नववी, जी एकटीच पासष्ट-सत्तर मिनिटांची आहे.

जागा होती केर्न्टनरटोर थिएटर, शहराच्या दक्षिणेकडच्या वेशीजवळचं नाट्यगृह. ते १८७०च्या सुमारास पाडलं गेलं आणि आज तिथे हॉटेल झाखर उभं आहे. चॉकलेट केकसाठी प्रसिद्ध असलेलं तेच. नववीचं जन्मस्थान बघायला जाणारे रसिक तिथे केक खाऊन परत येतात.

धार्मिक संगीत नाटकाच्या थिएटरात कसं चाललं?

चालत नव्हतं. प्रार्थनेचं संगीत नाटकगृहात वाजवायला सेन्सॉरची मनाई होती. अखेर काउंट लिख्नोव्स्की यांनी पोलीसप्रमुखांकडे रदबदली केली आणि कार्यक्रमपत्रिकेवर 'मास' (चर्चमधल्या प्रार्थनाविधीची संगीतरचना) हा शब्दच न येऊ देता 'तीन महास्तोत्रं' असं छापलं गेलं. सरकारी परवानगीसाठी मजकूर थोडा इकडेतिकडे करायचा, ही कला सगळ्या देशांत सारखीच दिसते.

संपूर्ण मिस्सा सोलेम्निस त्याच्या महिनाभर आधी, ७ एप्रिलला, सेंट पीटर्सबर्गमध्ये सादर झाली होती. राजपुत्र निकोलाय गॅलिट्झिन यांच्या पुढाकाराने, आणि तीही वादकांच्या विधवांच्या मदतनिधीसाठी. बेथोव्हेन तिथे गेला नव्हता.

बेथोव्हेनला नववी व्हिएन्नात करायची नव्हती, हे खरं का?

खरं. व्हिएन्नाला रोसिनीच्या इटालियन ऑपेरांचं वेड लागलंय, आपलं संगीत इथे कोणाला नको, अशी त्याची समजूत झाली होती आणि त्याने बर्लिनला चाचपणी सुरू केली होती. १८१४नंतर त्याने स्वतःच्या संगीताचा असा मोठा जलसा केलाच नव्हता. तेव्हा फेब्रुवारी १८२४मध्ये शहरातल्या तीस मान्यवरांनी सह्या करून त्याला एक विनंतीपत्र दिलं, की नवी कामं आधी आमच्या कानावर पडू द्या. सह्यांमध्ये त्याचा शिष्य चेर्नी होता, प्रकाशक डिआबेली होता, सरदारमंडळी होती. पत्र वाचून म्हातारा विरघळला. म्हातारा म्हणजे त्रेपन्न वर्षांचा, पण त्या काळात आणि त्या तब्येतीत त्रेपन्न पुष्कळ झाले.

त्यात गंमत अशी, की सिंफनीचे पैसे मोजले होते लंडनने. तिथल्या फिलहार्मोनिक सोसायटीने १८२२मध्येच पन्नास पौंड कबूल केले होते. लंडनकरांना ती ऐकायला मिळाली मार्च १८२५मध्ये, आणि तिथे शेवटच्या भागातली जर्मन कविता गायली गेली इटालियनमध्ये.

ऐकू येत नसताना तो कंडक्ट कसा करत होता?

करत नव्हता. वाद्यवृंदासमोर अधिकृतपणे उभा होता मिखाएल उमलाउफ, आणि व्हायोलिनवाल्यांचं नेतृत्व इग्नाझ शुपानझिख करत होता. बेथोव्हेन शेजारी उभा राहून प्रत्येक भागाची लय दाखवणार, असं ठरलं होतं. त्याने आधी एकदा आपल्याच ऑपेराची तालीम हातात घेतली होती आणि ती पार विस्कटली होती. उमलाउफने ते पाहिलं होतं. म्हणून त्याने गायक-वादकांना बजावून ठेवलं, की म्हाताऱ्याच्या हातांकडे बघू नका, माझ्याकडे बघा.

व्हायोलिनवादक योझेफ बोम त्या वाद्यवृंदात होता. त्याने सांगून ठेवलंय, की बेथोव्हेन वेड्यासारखा मागेपुढे झेपावत होता, एका क्षणी पूर्ण उंच होत होता, दुसऱ्या क्षणी जमिनीपर्यंत वाकत होता, जणू सगळी वाद्यं त्याला एकट्यालाच वाजवायची होती आणि अख्खा कोरस एकट्यानेच गायचा होता.

एका गायिकेने त्याला प्रेक्षकांकडे वळवलं, ही गोष्ट खरी की रचलेली?

गाभा खरा आहे. टाळ्यांचा कडकडाट चालू होता, बेथोव्हेन पाठमोरा होता, त्याला काहीच कळलं नव्हतं. वीस वर्षांच्या कारोलिने उंगरने त्याच्या बाहीला धरून त्याला वळवलं आणि त्याने हलणारे हात आणि उडणारे रुमाल पाहिले. हे दुसऱ्या भागानंतर, म्हणजे स्केर्झो या जलद, खेळकर भागानंतर घडलं की अगदी शेवटी, याबद्दल साक्षीदारांचे जबाब जुळत नाहीत. मला स्केर्झोवाली आवृत्ती पटते. त्या भागात टिंपनी, म्हणजे तांब्याचे नगारे, मध्येच एकटे दणका देतात, आणि तिथे लोकांना राहवलं नाही असं समकालीन वृत्तांतांत येतं. आपल्या संगीत नाटकांत वन्स मोअर कुठे पडायचा ते ज्यांनी अनुभवलंय, त्यांना ही जागा ऐकताक्षणी ओळखू येईल.

सम्राटासाठी राखलेली बॉक्स त्या दिवशी रिकामी होती. उलट झ्मेस्काल हा जुना स्नेही अंथरुणाला खिळलेला असूनही पालखीसारख्या खुर्चीतून उचलून आणला गेला होता.

गायक-वादक तयार होते का?

अजिबात नाही. पूर्ण वाद्यवृंदाच्या तालमी झाल्या फक्त दोन. वाद्यवृंद थिएटरचा होता, पण त्याला आणि कोरसला भर म्हणून शहरातल्या संगीतप्रेमी मंडळाचे हौशी सभासद घेतले होते. बेथोव्हेनचं अक्षर हे आणखी एक प्रकरण. ते अचूक लावू शकणारा त्याचा विश्वासू नकलनवीस श्लेमर १८२३मध्ये वारला होता. प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद हाताने उतरवून घ्यायचा, आणि ज्याला मूळ अक्षर लागतं तोच माणूस गेलेला.

गायकांचे हाल सर्वात वाईट. सोप्रानो (सर्वात उंच बायकी आवाज) हेन्रिएट्टे झोन्टाग अठरा वर्षांची, ऑल्टो (त्याखालचा बायकी आवाज) उंगर वीसची. दोघींनी उंच स्वर खाली आणायची विनवणी केली, बेथोव्हेनने साफ नकार दिला. उंगरने त्याला तोंडावर 'गळ्यांवर जुलूम करणारा' म्हटलं, असं सांगतात. ठरलेला बास, म्हणजे सर्वात खालच्या पुरुषी आवाजाचा गायक प्रायझिंगर चढे स्वर झेपेनात म्हणून ऐनवेळी गळला आणि झायपेल्टला थोड्याच दिवसांत ते काम उचलावं लागलं. कोरसमधल्या सोप्रानो जिथे स्वर पोचत नव्हता तिथे सरळ गप्प बसल्या म्हणे. रचनाकाराला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तक्रार यायची भीती नव्हती.

हिरव्या कोटाचं काय प्रकरण आहे?

बेथोव्हेनशी लोक वह्यांत लिहून बोलत. तो तोंडाने उत्तर द्यायचा, म्हणून त्या वह्यांत बहुतेकदा समोरच्याचीच बाजू उरली आहे. फोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसून ऐकावं तसं वाचताना वाटतं. कार्यक्रमाच्या दिवशीच्या पानावर त्याचा मदतनीस अँटोन शिंडलर लिहितो, त्याचा मथितार्थ असा : काळा कोट नाही ना, मग हिरवाच घाला, थिएटरात अंधार असतो, कोणाच्या लक्षात येणार नाही.

इथे सावधगिरीचा एक शब्द. शिंडलरने बेथोव्हेनच्या मृत्यूनंतर त्या वह्यांत स्वतःच्या हाताने खोट्या नोंदी घुसडल्या होत्या. आपण त्या थोर माणसाच्या किती जवळचे होतो, हे दाखवायला. १९७०च्या दशकात अभ्यासकांनी हे उघड केलं. तेव्हापासून 'शिंडलर सांगतो' असं कुठेही आलं, की जाणकार माणूस एक भुवई वर करतो. कोटाची नोंद मात्र त्या काळातली खरी मानली जाते.

त्या कार्यक्रमातून त्याला पैसे किती मिळाले?

गल्ला साधारण २२०० गुल्डनचा (तिथलं तेव्हाचं चलन) जमला, पण थिएटरचं भाडं, वादक आणि नकला करणारे यांचा खर्च वजा जाता हाती उरले ४२०. तिकिटांचे दर वाढवायला परवानगी मिळाली नव्हती. आकडा ऐकून बेथोव्हेन कोसळला, असं शिंडलर सांगतो (भुवई). पुढे प्राटर या व्हिएन्नातल्या मोठ्या बागेतल्या एका खानावळीत त्याने शिंडलर, उमलाउफ आणि शुपानझिख यांना जेवायला बोलावलं आणि तिथेच 'तुम्ही मला फसवलंत' असा आरोप केला. ज्यांनी महिनाभर त्याच्यासाठी वणवण केली, ते ताटावरून उठून गेले.

पुन्हा प्रयोग झाला का?

झाला, २३ मेला, राजवाड्यातल्या मोठ्या रेडाउटन सभागृहात. रविवार, दुपारी साडेबाराची वेळ, बाहेर छान ऊन. व्हिएन्नाकर फिरायला बागांत गेले आणि सभागृह अर्धं रिकामं राहिलं. ८०० गुल्डनचा तोटा झाला. बेथोव्हेनला थिएटरच्या व्यवस्थापनाने ५०० गुल्डनची हमी दिली होती, तेवढं त्याला मिळालं, पण त्याला ते घ्यायलाही जड गेलं.

आता त्या दिवशीची पत्रिका बघा. मिस्सातला फक्त किरिए ठेवला होता. आणि गर्दी खेचायला मध्येच टाकलं होतं रोसिनीचं 'दी तान्ती पाल्पिती', टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या दाविदच्या गळ्यातून. म्हणजे नववी सिंफनीच्या जलशात त्या काळचं सर्वात गाजलेलं चालू गाणं. ज्याच्या लोकप्रियतेला वैतागून बेथोव्हेन बर्लिनला निघाला होता, त्याच रोसिनीचं. आज कुठल्या वाद्यवृंदाने असं केलं, तर वर्गणीदार पैसे परत मागतील. १८२४मध्ये त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. गाण्यांचे कप्पे वेगळे नव्हते म्हणतो ते यासाठी.

रोसिनी स्वतः तेव्हा कुठे होता?

जुलैपर्यंत लंडनमध्ये. १८२३च्या डिसेंबरात तो तिथे पोचला, राजा चौथ्या जॉर्जबरोबर त्याने युगुलगीतं म्हटली, सरदारांच्या बायका-मुलींना गाणं शिकवून भरपूर पैसे कमावले आणि मग पॅरिसला जाऊन तिथल्या इटालियन थिएटरची सूत्रं हाती घेतली. वय बत्तीस. त्याच वर्षी १९ एप्रिलला कवी बायरन ग्रीसमध्ये वारला, तर रोसिनीने लंडनमध्येच त्याच्यासाठी एक शोकगीत रचून सादर केलं.

'दी तान्ती पाल्पिती' हे 'तांक्रेदी' या १८१३च्या ऑपेरातलं. अकरा वर्षं ते टिकून होतं. चित्रपटगीतांच्या हिशोबानेही हे पुष्कळ झालं.

रेकॉर्ड नाहीत, रेडिओ नाही. मग गाणी पसरत कशी होती?

मुख्य वाहन म्हणजे छापील कागद. ऑपेरा गाजला, की आठवड्याभरात त्यातल्या गाण्यांचे पियानोसाठी, गिटारसाठी, दोन बासऱ्यांसाठी उतारे छापले जात. शिळाछापामुळे हे स्वस्त झालं होतं. मध्यमवर्गीय घरात पियानो आला होता आणि घरातली मुलगी तो शिकत होती, त्यामुळे संध्याकाळी दिवाणखान्यात ऑपेरातलंच गाणं वाजायचं. लष्करी बँड बागेत तेच वाजवायचे. आणि रस्त्यावर दांडा फिरवून वाजवायची पेटी घेतलेला माणूस तीच चाल दिवसभर दळत बसायचा.

सर्वात मोठं उदाहरण वेबरच्या 'फ्रायशुट्झ'चं. जंगल, सैतान, मंतरलेल्या गोळ्या अशी कथा, बर्लिनला १८२१मध्ये पहिला प्रयोग. १८२४मध्ये लंडनला त्याची अशी साथ आली, की जुलैत लायसियम थिएटरात सुरू झालेला खेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत कॉव्हेंट गार्डन आणि ड्रुरी लेनलाही आपापल्या मोडतोडीसह लागला. डिसेंबरात पॅरिसच्या ओदेऑन थिएटरात कास्तिल-ब्लाझने त्याला 'रोबँ दे ब्वा' करून टाकलं आणि कथा उचलून इंग्लंडात यॉर्कशरला नेली. पहिला प्रयोग पडला, पुढचे तुफान चालले. वेबरला यातून दमडी मिळाली नाही. परदेशात कॉपीराइटचं संरक्षणच नव्हतं.

वॉल्ट्झ तेव्हाच सुरू झाला ना?

आधीच झाला होता. पण जोडीने गिरक्या घेत करायच्या या नाचाचं संगीत ऐकवणारे, घराणं म्हणावं असे बँड आता उभे राहत होते. योझेफ लान्नर तेवीस वर्षांचा होता आणि त्याचा छोटासा चमू १८२४च्या सुमारास तारवाद्यांच्या वृंदाएवढा वाढला. त्यात व्हिओला वाजवणारा एक वीस वर्षांचा पोरगा होता, योहान स्ट्राउस. 'ब्लू डॅन्यूब'वाल्याचा बाप. पुढच्याच वर्षी तो फुटून निघाला आणि त्याने स्वतःचा वृंद काढला.

शूबर्ट त्या वर्षी काय करत होता?

माझ्या मते १८२४चा खरा नायक तोच. वय सत्तावीस. गुप्तरोगाने शरीर पोखरलेलं, डोक्यावरचे केस आजारपणात जाऊन नुकते परत आलेले. ३१ मार्चला तो रोममधल्या चित्रकार मित्राला, कुपेलवीझरला पत्र लिहितो. आपण जगातले सर्वात दुःखी, सर्वात दीन प्राणी आहोत, तब्येत पुन्हा कधी नीट होणार नाही, रोज रात्री झोपताना वाटतं की जाग येऊ नये.

हा उतारा सगळे उद्‌धृत करतात आणि तिथेच थांबतात. पत्र तसं पुढे बरंच आहे. दोन स्ट्रिंग क्वार्टेट (चार तारवाद्यांसाठीच्या रचना) आणि एक ऑक्टेट (आठ वाद्यांसाठीची) लिहून झाले, असं तो हिशोब दिल्यासारखा सांगतो. या वाटेने मोठ्या सिंफनीकडे जायचंय, म्हणतो. मग व्हिएन्नाची ताजी बातमी : बेथोव्हेन जलसा करणार आहे, नवी सिंफनी, नव्या मासचे तीन भाग आणि नवं ओव्हर्चर असं सगळं त्यात आहे. आणि लगेच, देवाच्या मनात असेल तर पुढच्या वर्षी मीही असाच एक जलसा करीन. एकाच कागदावर मरणाची इच्छा आणि पुढच्या वर्षाचा बेत.

जलसा व्हायला चार वर्षं लागली. २६ मार्च १८२८ रोजी, बेथोव्हेनच्या पहिल्या पुण्यतिथीला, तो झाला. त्याच नोव्हेंबरात शूबर्ट गेला.

त्या दोन क्वार्टेटपैकी 'रोझामुंडे' १४ मार्चला शुपानझिखच्या चमूने लोकांसमोर वाजवलं. हाच शुपानझिख दोन महिन्यांनी नववीच्या पहिल्या रांगेत होता. दुसरं 'मृत्यू आणि युवती', ज्याच्या संथ भागात शूबर्टने स्वतःच्याच १८१७च्या गाण्याची चाल घेतलीय. आपल्याकडे एखाद्या बंदिशीचं तोंड घेऊन तिच्यावर बढत करावी तसं तो त्या चालीभोवती फिरत राहतो, प्रत्येक फेरीत वेगळ्या वाद्यावर जोर.

उन्हाळ्यात तो हंगेरीतल्या झेलिझ गावी काउंट एस्टरहाझींच्या मुलींना संगीत शिकवायला गेला (आज ते गाव स्लोव्हाकियात आहे). एका पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायचं बरंच संगीत त्याने तिथे लिहिलं. शिकवणीच्या नोकरीत तेच उपयोगाचं.

'आर्पेजिओने' हे कुठलं वाद्य?

सहा तारा, गिटारसारखे पडदे, गिटारचीच जुळणी, पण गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं. व्हिएन्नाच्या श्टाउफरने १८२३मध्ये ते काढलं. शूबर्टने नोव्हेंबर १८२४मध्ये त्याच्यासाठी एक सुंदर सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना, लिहिला. तो छापला गेला १८७१मध्ये, तोवर वाद्य केव्हाच विस्मृतीत गेलं होतं. आता चेलोवाले आणि व्हिओलावाले चार तारांवर घाम गाळून तो वाजवतात.

लिस्ट खरंच बारा वर्षांचा होता?

हो. वडील त्याला पॅरिसला घेऊन आले होते. तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीतशाळेत, संचालक केरुबिनीने परदेशी म्हणून प्रवेश नाकारला. केरुबिनी स्वतः इटालियन, हे इथे नमूद करायला हवं. मार्चमध्ये पोराने इटालियन थिएटरात वाजवलं आणि पॅरिस जिंकलं. जूनमध्ये लंडन, मग विंडसरला राजासमोर. एरार कंपनीने त्याला आपला नवा पियानो दिला होता. त्याच्या यंत्रणेत पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच स्वर पुन्हा वाजवता येत होता. पुढच्या पन्नास वर्षांची सगळी धावपळीची पियानोकारी या एका सुधारणेवर उभी आहे, आणि तिची जाहिरात एका बारा वर्षांच्या मुलाच्या हातून झाली.

आणि मेंडेल्सोन, बर्लिओझ?

मेंडेल्सोनने ३१ मार्चला, म्हणजे शूबर्टने ते पत्र लिहिलं त्याच दिवशी, बर्लिनला आपली पहिली सिंफनी पूर्ण केली. घर श्रीमंत, आजीने बाखच्या 'मॅथ्यू पॅशन'ची हस्तलिखित प्रत भेट दिलेली. ती प्रत पाच वर्षांनी, १८२९मध्ये, फार महत्त्वाची ठरणार होती.

बर्लिओझचं उलट. बापाला डॉक्टर मुलगा हवा होता. या वीस वर्षांच्या पोराने पॅरिसला एक मास रचली आणि वाद्यवृंदाच्या नकला करायचं काम स्वस्तात उरकलं. डिसेंबरात सेंट रॉक चर्चमध्ये तालीम सुरू झाली, तर कागदांत इतक्या चुका, की कोणाचं कोणाशी जमेना आणि सगळं तिथेच थांबलं. मग त्याने स्वतः बसून सगळ्या नकला पुन्हा लिहिल्या. जुलै १८२५मध्ये ती मास वाजली, नंतर बर्लिओझने जाळली म्हणून सांगितलं, आणि १९९१मध्ये अँटवर्पच्या एका चर्चच्या गॅलरीत तिची प्रत सापडली.

त्या वर्षी कोण जन्मलं, कोण गेलं?

२ मार्चला बोहेमियात स्मेताना. पुढे तोही बहिरा झाला आणि तरी लिहीत राहिला. ४ सप्टेंबरला ऑस्ट्रियातल्या आन्सफेल्डन खेड्यात शाळामास्तराच्या घरी ब्रुकनर. १ फेब्रुवारीला व्हिएन्नातली अंध पियानोवादक आणि संगीतकार मारिया थेरेझिया फॉन पाराडिस वारली, ३ मार्चला लंडनमध्ये व्हायोलिनवादक व्हिओट्टी.

आणि एक निरोप घेणारी परंपरा. ७ मार्चला व्हेनिसला मायरबेअरचा 'इल क्रोचातो' हा ऑपेरा झाला. बालपणी खच्ची करून ज्यांचा बालआवाज टिकवला जायचा अशा पुरुष गायकांची ऑपेरावरची जवळपास दोन शतकांची सत्ता इथे संपली. वेल्लुती या अशाच गायकासाठी लिहिलेली यातली भूमिका त्या जातीची शेवटची मोठी भूमिका.

तेव्हा आपल्याकडे काय चालू होतं?

पेशवाई जाऊन सहा वर्षं झाली होती. राम जोशी आणि अनंत फंदी गेले होते. होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर हयात होते, पण पुण्याचा आश्रयदाता ब्रह्मावर्ताला पेन्शनीवर बसला होता. 'घनश्याम सुंदरा' लिहिणारा होनाजी आणि नववी लिहिणारा बेथोव्हेन समकालीन आहेत, हे माझ्या स्वतःच्या लक्षात फार उशिरा आलं.

व्हिएन्नाशी खरा धागा जोडायचा तर पुण्याऐवजी तंजावरला जावं लागेल. तिथे भोसले घराण्याचे दुसरे सरफोजी गादीवर होते. सत्ता किल्ल्यापुरती उरलेली, पण हौस अफाट. मराठीत जगाचा भूगोल सांगणारी 'देवेंद्र कुरवंजी' त्यांचीच, आणि दरबारी युरोपीय पद्धतीचा बँडही त्यांचाच. काही कोसांवर तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज राहत होते.

सीडी ७४ मिनिटांची असते ती नववीमुळेच ना?

गोष्ट गोड आहे. सोनीचे नोरिओ ओगा यांनी नववी एका तबकडीवर मावलीच पाहिजे असा आग्रह धरला, आणि कंडक्टर फुर्टवेंगलरचं १९५१चं बायरॉइटचं ध्वनिमुद्रण ७४ मिनिटांचं आहे, म्हणून तेवढी लांबी ठरली, अशी ती सांगतात. पण फिलिप्सच्या बाजूने त्या कामात असलेले अभियंते कीस इमिंक यांच्या म्हणण्याप्रमाणे यामागे दोन कंपन्यांची रस्सीखेच होती. फिलिप्सच्या गटाकडे साडेअकरा सेंटिमीटरच्या तबकडीचा कारखाना तयार होता, आणि बारा सेंटिमीटर ठरल्याने ती आघाडी गेली. मला दुसरी गोष्ट जास्त पटते.

मी हिंदुस्थानी संगीत ऐकतो. सुरुवात कुठून करू?

नववीपासून करू नका. शेवटच्या भागाची ती प्रसिद्ध चाल ऐकायची म्हणून लोक आधीची पाऊण तास वाट बघतात आणि कंटाळतात. आधी 'दी तान्ती पाल्पिती' ऐका, सात-आठ मिनिटांचं काम. मग आर्पेजिओने सोनाटाचा पहिला भाग. त्याची सुरुवातीची चाल गळ्याला लगेच लागते. मग 'मृत्यू आणि युवती'चा दुसरा भाग.

नववीला बसाल तेव्हा तिसऱ्या, संथ भागापासून बसा आणि न थांबता शेवटापर्यंत जा. चौथ्या भागात ती चाल पहिल्यांदा येते ती कोरसमध्ये येत नाही. चेलो आणि डबल बास, म्हणजे सगळ्यात खालची वाद्यं, ती अगदी दबक्या आवाजात, कुठल्याही साथीशिवाय, एकटीच म्हणतात. कानाला हेडफोन नसेल तर आवाज वाढवून ठेवा, नाहीतर ती सुरू झालेली कळतच नाही. आणि पुढे टिंपन्या आल्या की शेजाऱ्यांसाठी लगेच कमी करा.